तळटीप : लाचित दिवस
१४. लाचित दिवस : अहोम सेनापती लाचित बरफुकन यांच्या स्मरणार्थ आसाम दरवर्षी २४ नोव्हेंबरला हा दिवस पाळतो. १६७१ साली गुवाहाटीजवळ सराईघाट येथे ब्रह्मपुत्रेच्या पात्रात त्यांनी मोगल आरमाराचा पराभव केला. त्या वेळी ते तापाने फणफणत होते. आपले सैनिक मागे हटत आहेत असे दिसताच ते आजारी अवस्थेतच नावेवर चढले आणि मोजक्या होड्यांनिशी शत्रूवर चालून गेले. ते पाहून पळणारेही माघारी फिरले.

मराठी वाचकाने एक दुवा जरूर ध्यानात घ्यावा. समोरचा मोगल सेनापती रामसिंह हा मिर्झाराजे जयसिंह यांचा मुलगा. १६६६ साली आग्र्यात शिवाजी महाराजांचा जामीन राहिलेला तो हाच. महाराज निसटल्यावर औरंगजेबाची त्याच्यावर खप्पा मर्जी झाली आणि पुढे त्याला आसामच्या मोहिमेवर धाडण्यात आले.

लाचित यांच्यासारखा सेनानी आपल्या शालेय इतिहासात ठळकपणे यायलाच हवा. पुण्याजवळ खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत सर्वोत्तम छात्राला लाचित बरफुकन सुवर्णपदक दिले जाते.

— संपादक