मोटारसायकलीचे सुकाणू व निलंबन : फेरबदलांचा इतिहास

मोटारसायकलीची दिशा वळविणारी योजना म्हणजे सुकाणू आणि रस्त्याचे धक्के सोसणारी स्प्रिंगांची मांडणी म्हणजे निलंबन. मोटारगाडीत ही कार्ये बरीचशी अलग ठेवता येतात. मोटारसायकलीत मात्र पुढचा फोर्क दोन्ही कामे करीत असल्याने एकात केलेला बदल दुसऱ्यात उमटतो. मूळ रचना बदलावी की नाही, हा प्रश्न कारखानदारांना आणि हौशी चालकांना वारंवार पडला तो यामुळेच.

सुकाणूचा तिरपा अक्ष खाली वाढविला, तर तो चाकाच्या स्पर्शबिंदूच्या थोडा पुढे जमिनीला मिळतो. या दोन बिंदूंमधील अंतरास ट्रेल म्हणतात. सामान्यतः ट्रेल जास्त असेल, तर गाडी सरळ धावते पण वळविण्यास जड जाते. कमी असेल, तर चपळ होते पण वेगात बिचकते. दोन्ही चाकांत सु. 1,400 मिमी. अंतर असलेल्या गाडीचे पुढचे टोक 25 मिमी. खाली आणले, तर अक्षाचा कल सु. 1° ने बदलतो आणि ट्रेल सु. 6 मिमी. कमी होतो. नुसती स्प्रिंग मऊ केली तरीही पुढचा भाग दबून हाच परिणाम होतो. फेरबदल करणाऱ्याच्या ध्यानी हे सहसा मागाहून येते.

आरंभीच्या बहुतेक गाड्यांत मागचे चाक चौकटीला ताठ जोडलेले असे. त्याला स्प्रिंग दिल्यास चौकट लवते आणि वळणावर चाक तिरपे होते, असा आक्षेप होता. सांधे सैल असलेल्या तत्कालीन गाड्यांच्या बाबतीत तो खराही होता. या मतास धक्का बसला तो 1935 मध्ये. आइल ऑफ मॅन येथील सीनियर टीटी शर्यतीत स्टॅन्ली वुड्स याने मागील चाकास स्प्रिंग असलेल्या मोटो गुझीवर सु. 425 किमी. अंतर तोडून नॉर्टनवरील जिमी गथ्री याला अवघ्या 4 सेकंदांनी मागे टाकले. एका शर्यतीने वाद निकालात निघाला असे म्हणता येणार नाही. तथापि पुढच्याच वर्षी नॉर्टन कंपनीने आपल्या शर्यतीच्या गाड्यांना मागे स्प्रिंग बसविल्या. बीएमडब्ल्यूने 1935 मध्येच आर 12 व आर 17 या गाड्यांना तेलाच्या रोधाने उसळी शमविणारा टेलिस्कोपिक फोर्क दिला होता. नॉर्टनच्या शर्यतीच्या गाड्यांवर टेलिस्कोपिक फोर्क 1938 मध्ये आला.

नॉर्टनने जुन्याच घडणीच्या चौकटीला नवी अंगे जोडली होती. मागचे चाक दोन बाजूंच्या उभ्या नळ्यांत स्वतंत्रपणे वरखाली सरकत असल्याने ते पिळले जाई, आणि युद्धोत्तर शर्यतींत चौकटी तडकू लागल्या. बेलफास्टच्या रेक्स मॅकँडलेस याने वेगळा मार्ग धरला. मागच्या चाकासाठी दोलणारी भुजा व द्रवीय धक्काशोषक यांचे प्रयोग त्याने आधी स्वतःच्या गाडीवर केले होते. नॉर्टनसाठी मात्र त्याने दुहेरी नळ्यांची संपूर्ण नवी चौकट योजिली. 1950 मध्ये ज्यूनियर टीटी शर्यत आर्टी बेल याने, तर सीनियर जेफ ड्यूक याने जिंकली, आणि दोन्हींत पहिले तिन्ही क्रमांक नॉर्टनचे होते. इंजिन मूलतः जुनेच होते. हॅरल्ड डॅनियल या चालकाने केलेल्या पिसांच्या गादीच्या उपमेवरून या चौकटीस ‘फेदरबेड’ हे नाव पडले. पुढे हौशी तरुण तीत ट्रायम्फचे इंजिन बसवू लागले. ती जोडगाडी ‘ट्रायटन’ म्हणून ओळखली जाते.

उपयोग बदलला की योग्य मांडणीही बदलते, याचा स्वच्छ दाखला बीएमडब्ल्यूच्या 1955 नंतरच्या गाड्यांत सापडतो. बाजूगाडी जोडलेली मोटारसायकल वळणावर कलत नाही आणि जास्त ट्रेल असल्यास हँडल फिरविणे कष्टाचे होते. म्हणून अर्नेस्ट अर्ल्स या इंग्रज अभिकल्पकाच्या फोर्कमध्ये भुजेच्या खिळीसाठी दोन जागा ठेवलेल्या होत्या : एक एकेरी गाडीसाठी व दुसरी, कमी ट्रेलची, बाजूगाडीसाठी. चालकाने करावयाचा बदल कारखान्यानेच आखून दिला होता. हा फोर्क जड होता, पण गचकन ब्रेक लावल्यावर नाक खुपसत नसे. 1969 मध्ये नव्या मालिकेबरोबर तो मागे पडला.

याच सुमारास कॅलिफोर्नियात लांबलचक फोर्कच्या ‘चॉपर’ गाड्यांची लाट होती. त्यांत दिखाऊपणाला प्राधान्य होते आणि मंद वेगात हँडल एका बाजूस पडण्याची खोड मालकांनी पत्करलेली असे.

या अनुभवांना गणिताची बैठक मिळाली ती रॉबिन शार्प यांच्या 1971 च्या शोधनिबंधाने. कलंडणे, संपूर्ण गाडीचे संथ हेलकावे आणि पुढच्या चाकाची जलद थरथर या तीन गतींचे त्यांनी विश्लेषण केले. हेलकावे व थरथर यांची कारणे एकच नसल्याने एकीवरचा उपाय दुसरीला पोषक ठरू शकतो. सुकाणूवर धक्काशोषक बसविल्याने थरथर शमते, मात्र अति वेगातील हेलकावे वाढू शकतात. भारतात मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार, नोंदणी-प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरबदल मालकास करता येत नाही.