हिंदुस्तान टर्बो ट्रेनर-४०

हिंदुस्तान टर्बो ट्रेनर-४० (संक्षेपाने एचटीटी-४०) हे हिंदुस्तान एरोनॉटिक्स लिमिटेड (एचएएल) या सार्वजनिक कंपनीने विकसित केलेले दोन आसनी टर्बोप्रॉप प्रशिक्षण विमान आहे. भारतीय हवाई दलाच्या प्रशिक्षणार्थी वैमानिकांना उड्डाणाचे पहिले धडे देण्यासाठी त्याची निर्मिती करण्यात आली. बंगळूर व नाशिकजवळील ओझर येथे त्याची जुळणी होते.

पार्श्वभूमी

एचटीटी-४० ची गरज का भासली, हे समजण्यासाठी त्याआधीच्या एचपीटी-३२ दीपक या विमानाकडे पाहावे लागते. १९७७ साली प्रथम उडालेल्या या विमानाला २६० अश्वशक्तीचे पिस्टन इंजिन होते आणि शिक्षक व विद्यार्थी शेजारी शेजारी बसत. सुमारे पाव शतक हवाई दलातील बहुतेक वैमानिकांनी मुळाक्षरे याच विमानावर गिरवली. मात्र इंजिन हवेतच बंद पडण्याचे प्रकार वारंवार घडत आणि विमानात इजेक्शन आसन नव्हते. त्यामुळे कमी उंचीवर बिघाड झाल्यास बचावाची संधी फारच थोडी असे. १७ अपघातांत १९ वैमानिकांचा मृत्यू झाला. ३१ जुलै २००९ रोजी मेदकजवळ झालेल्या अपघातात दोन अनुभवी प्रशिक्षक मृत्युमुखी पडले आणि संपूर्ण ताफा जमिनीवर उतरवण्यात आला. शिक्षकच वाचू शकले नाहीत, तेथे नवशिक्याची काय कथा!

त्या वेळी हवाई दल प्रमुखपदी एअर चीफ मार्शल प्रदीप वसंत नाईक होते. ते साताऱ्याच्या सैनिक स्कूलचे माजी विद्यार्थी. पुढील काही वर्षे प्राथमिक प्रशिक्षण किरण या जेट विमानावर भागवावे लागले. मे २०१२ मध्ये स्वित्झर्लंडच्या पिलाटस कंपनीशी ७५ पीसी-७ मार्क-२ विमानांचा करार झाला व २०१३ साली ती हैदराबादनजीकच्या दुंडीगल येथील वायुसेना अकादमीत दाखल झाली. हवाई दलाला आणखी पिलाटसच हवी होती. एचएएलने मात्र स्वतःच्या निधीतून एचटीटी-४० चे काम चालू ठेवले.

रचना

टर्बोप्रॉप इंजिनात वायू-टर्बाइनची शक्ती दंतचक्रांमार्फत पंख्याला दिली जाते. जेटपेक्षा इंधन कमी लागते आणि पिस्टन इंजिनापेक्षा वजनाच्या मानाने शक्ती अधिक मिळते. म्हणून प्राथमिक प्रशिक्षणासाठी जगभर हाच प्रकार रूढ झाला आहे. एचटीटी-४० मध्ये हनीवेल कंपनीचे टीपीई-३३१-१२बी हे सुमारे १,१०० अश्वशक्तीचे इंजिन व चार पात्यांचा पंखा आहे. विमानाचे कमाल वजन सुमारे २,८०० किलोग्रॅम आहे.

विद्यार्थी पुढे व शिक्षक मागे बसतो. मागचे आसन उंचावर असल्याने शिक्षकाला समोरचे दिसते. कक्ष वातानुकूलित असून त्यात हवेचा दाब राखला जातो आणि माहिती काट्यांच्या तबकड्यांऐवजी पडद्यांवर दिसते. सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे दोन्ही ‘झिरो-झिरो’ इजेक्शन आसने. शून्य उंचीवर, शून्य वेगात, म्हणजे धावपट्टीवर उभ्या असलेल्या विमानातूनही ती वैमानिकाला सुखरूप बाहेर फेकू शकतात.

चाचण्या

पहिले उड्डाण ३१ मे २०१६ रोजी बंगळूर येथे झाले. १७ जून रोजी तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांच्या उपस्थितीत औपचारिक उड्डाण झाले. दुसरा नमुना मे २०१७ मध्ये उडाला.

खरी कसोटी होती ती गिरकीची. वेग घटून पंखांवरील हवेचा आधार सुटला की विमान स्वतःभोवती फिरत खाली येऊ लागते. घाबरलेला विद्यार्थी अशा वेळी दांडा मागे ओढतो आणि संकट वाढवतो. सुकाणू गिरकीच्या विरुद्ध बाजूस दाबून दांडा पुढे करणे, हा सर्वसाधारण उपाय अंगवळणी पडावा लागतो. म्हणूनच प्रशिक्षण विमान गिरकीत शिरले पाहिजे आणि प्रत्येक वेळी हमखास बाहेरही आले पाहिजे. या चाचण्यांसाठी शेपटीच्या रचनेत बदल करावे लागले. अखेर सहा फेऱ्यांची गिरकी यशस्वी ठरली. जून २०२२ मध्ये विमानाच्या प्रणालींना प्रमाणपत्र मिळाले.

उत्पादन व महाराष्ट्राशी संबंध

मार्च २०२३ मध्ये ७० विमानांसाठी सुमारे ६,८२८ कोटी रुपयांचा करार झाला. त्या वेळी स्वदेशी घटकांचे प्रमाण सुमारे ५६ टक्के होते. इंजिन आयातीत असल्याने ‘स्वदेशी’ हा शब्द येथे जपूनच वापरावा लागतो.

१७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझर येथे दुसऱ्या उत्पादन मालिकेचे उद्घाटन झाले. ओझरचा कारखाना १९६४ साली मिग विमानांसाठी उभा राहिला. तेव्हा यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होते आणि लोकसभेत नाशिकचेच प्रतिनिधित्व करीत होते. त्यांचा जन्म देवराष्ट्रे येथला. हे गाव त्या काळी सातारा जिल्ह्यात होते, आज ते सांगली जिल्ह्यात आहे. देशातील पहिले सैनिक स्कूल साताऱ्यात २३ जून १९६१ रोजी सुरू झाले, तेही चव्हाण मुख्यमंत्री असताना. या शाळेत सहावी व नववीत प्रवेश मिळतो. तेथून खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आणि पुढे दुंडीगल, असा हवाई दलात जाऊ इच्छिणाऱ्यांचा परिचित मार्ग आहे.

उत्पादन मालिकेतील पहिले विमान, टीएच-४००१, २४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंगळूर येथे आकाशात झेपावले.