शेरीफ : मतपेटीतून येणारा पोलीसप्रमुख

मुंबईकरांना 'शेरीफ' हा शब्द अपरिचित नाही. मराठीत त्यास नगरपाल म्हणतात. राज्य सरकार एखाद्या प्रतिष्ठित नागरिकाची या पदावर साधारण एका वर्षासाठी नियुक्ती करते. १९८० मध्ये अभिनेते दिलीपकुमार या पदावर होते. क्रिकेटपटू सुनील गावसकर यांनीही ते भूषविले आहे. परदेशी पाहुण्यांचे स्वागत, शोकसभा आणि नागरी समारंभ एवढ्यापुरता त्याचा सार्वजनिक वावर असतो. मान मोठा, अधिकार जवळपास नाहीत, असे हे पद. अमेरिकेत मात्र याच नावाच्या अधिकाऱ्याच्या हाती बंदूक, बेडी आणि तुरुंगाची किल्ली असते, आणि ती त्याला मतदार देतात.

आयुष्याची तीस-चाळीस वर्षे पोलीस खात्यात घालविलेला अधिकारी निवृत्तीच्या उंबरठ्यावर उमेदवार होतो, सभा घेतो, निधी जमवितो आणि मते मागतो, हे दृश्य भारतीय वाचकाला चमत्कारिक वाटेल. अमेरिकेत ते दर निवडणुकीत दिसते. या पद्धतीतून काय साधते आणि काय निसटते, हे पाहण्यासाठी लॉस एंजेलिस कौंटीचा १९९८ नंतरचा इतिहास पुरेसा बोलका आहे.

राजाच्या कारभाऱ्यापासून लोकांच्या प्रतिनिधीपर्यंत

शेरीफपदाचे मूळ इंग्लंडमध्ये आहे. तेथील 'शायर' म्हणजे परगणा आणि 'रीव्ह' म्हणजे राजाचा कारभारी. या दोन शब्दांच्या संयोगातून 'शेरीफ' हा शब्द घडला. करवसुली, न्यायालयाचे हुकूम बजावणे आणि शांतता राखणे ही त्याची कामे. त्याच्या जुलुमाच्या तक्रारी इतक्या होत्या की, १२१५ च्या मॅग्ना कार्टा या सनदेत शेरीफांना आवर घालणारी कलमे घालावी लागली.

इंग्रज वसाहतींबरोबर हे पद अटलांटिक ओलांडून गेले. कोलकाता आणि मुंबईतही ते इंग्रजांनीच आणले. इंग्लंडमध्ये आणि भारतात ते हळूहळू शोभेचे झाले. अमेरिकेत नेमके उलट घडले. एकोणिसाव्या शतकात बहुतेक राज्यांनी ते निवडणुकीने भरण्यास सुरुवात केली आणि अनेक राज्यांनी आपल्या राज्यघटनेतच त्याला स्थान दिले. आज तेथे तीन हजारांहून अधिक कौंट्या असून, त्यांपैकी बहुसंख्य ठिकाणी शेरीफ थेट मतदारांकडून, साधारणपणे चार वर्षांसाठी निवडला जातो. अपवाद मोजके आहेत. अलास्कात कौंट्याच नाहीत. कनेक्टिकटच्या मतदारांनी २००० मध्ये हे पदच रद्द केले.

अधिकार किती?

कौंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. ज्या भागाला स्वतंत्र नगरपालिका नाही, तेथे शेरीफचे खाते पोलिसांचे काम करते. कौंटीचा तुरुंग त्याच्या ताब्यात असतो. न्यायालयांची सुरक्षा आणि त्यांच्या आदेशांची अंमलबजावणीही बहुधा त्याच्याकडेच असते.

लॉस एंजेलिस कौंटीची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेनुसार एक कोटीच्या वर आहे. १८५० मध्ये स्थापन झालेले तेथील शेरीफ खाते देशातील सर्वांत मोठे मानले जाते. कौंटीत ८८ शहरे आहेत. त्यांपैकी ४२ शहरांनी स्वतःचे पोलीस दल न ठेवता शेरीफ खात्याशीच करार केला आहे. १९५४ मध्ये लेकवुड या शहराने ही प्रथा सुरू केली. देशातील सर्वांत मोठी कौंटी तुरुंगव्यवस्थाही याच खात्याकडे आहे.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. लॉस एंजेलिस शहराचे पोलीस दल वेगळे आणि कौंटीच्या शेरीफचे खाते वेगळे. शहराच्या पोलीसप्रमुखाची नेमणूक महापौर करतात आणि नगर परिषद तीस मान्यता देते. १९९१ च्या रॉडनी किंग मारहाण प्रकरणानंतर १९९२ मध्ये झालेल्या सुधारणेमुळे त्याचा कार्यकाळ पाच वर्षांचा, फार तर दोन वेळा, असा ठरला. शेरीफवर असा वरिष्ठ कोणी नाही. पाच सदस्यांचे पर्यवेक्षक मंडळ त्याच्या खात्याचा अर्थसंकल्प मंजूर करते; परंतु खाते कसे चालवावे, हे त्याला सांगू शकत नाही.

उमेदवार कोण होऊ शकतो?

अनेक राज्यांत शेरीफपदासाठी पोलीस अनुभवाची अट नाही किंवा अगदी जुजबी आहे. कॅलिफोर्नियातही पूर्वी ती नव्हती. कैद्यांना कायदेशीर साहाय्य देणारे वकील मायकेल हेनेसी १९७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे शेरीफ म्हणून निवडून आले आणि २०१२ पर्यंत त्या पदावर राहिले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस राज्याने कायदा करून पोलीस सेवेचा अनुभव किंवा प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आवश्यक केले. त्यामुळे तेथील लढत आता मुख्यतः अनुभवी अधिकाऱ्यांमध्येच होते. मतपत्रिकेवर पक्षाचे नाव नसते. प्राथमिक फेरीत कोणालाच निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत, तर पहिल्या दोघांत नोव्हेंबरमध्ये अंतिम लढत होते.

अशा उमेदवाराची अडचण दुहेरी असते. तो खात्यातला असेल, तर आपल्याच वरिष्ठाविरुद्ध उभे राहावे लागते; बाहेरचा असेल, तर हजारोंच्या खात्याला तो परका ठरतो. डेप्युटी म्हणजे शेरीफचे शिपाई व अधिकारी. त्यांच्या संघटना प्रचारात उतरतात, पैसा खर्च करतात. म्हणजे ज्यांच्यावर उद्या शिस्तीचा बडगा उगारायचा, त्यांचाच पाठिंबा आज मागावा लागतो.

१९९८ : मृत उमेदवाराशी लढत

लॉस एंजेलिसमध्ये शेरीफ बदलण्याची जणू प्रथाच नव्हती. यूजीन बिस्कायलूझ १९३२ ते १९५८, पीटर पिचेस १९५८ ते १९८२ आणि शर्मन ब्लॉक १९८२ पासून. जवळपास सात दशकांत केवळ तीन शेरीफ झाले. १९९८ मध्ये ब्लॉक यांना त्यांच्याच खात्यातील अधिकारी ली बाका यांनी आव्हान दिले. बाका १९६५ पासून खात्यात होते. मूत्रपिंडाच्या विकाराने त्रस्त ७४ वर्षीय ब्लॉक यांना प्राथमिक फेरीत बहुमत मिळाले नाही. अंतिम मतदान ३ नोव्हेंबरला होते आणि २९ ऑक्टोबरला ब्लॉक यांचे निधन झाले. मतपत्रिकेवरील नाव बदलणे शक्य नव्हते. ब्लॉक निवडून आले असते, तर पर्यवेक्षक मंडळाला नवा शेरीफ नेमता आला असता. म्हणून त्यांच्या काही समर्थकांनी मृत उमेदवारालाच मत देण्याचे आवाहन केले. एक तृतीयांशाहून अधिक मतदारांनी तसे केलेही. तथापि बाका विजयी झाले. त्यानंतर २००२, २००६ आणि २०१० अशा तिन्ही निवडणुका त्यांनी जिंकल्या.

तुरुंगातील मारहाण आणि शेरीफला शिक्षा

मतदार बाकांना पुन्हा पुन्हा निवडून देत असताना कौंटीच्या तुरुंगात कैद्यांना मारहाण होत होती. २०११ मध्ये केंद्रीय तपास यंत्रणा एफबीआय याचा गुप्त तपास करीत होती. एका खबऱ्या कैद्याकडे तुरुंगात मोबाइल फोन सापडला आणि तपासाचे बिंग फुटले. त्यावर खात्याने मारहाणीची चौकशी करण्याऐवजी त्या कैद्यालाच खोट्या नावांखाली निरनिराळ्या ठिकाणी लपविले. एफबीआयच्या महिला अधिकाऱ्याच्या घरी जाऊन तिला अटकेची धमकीही देण्यात आली.

पर्यवेक्षक मंडळाने नेमलेल्या नागरिक आयोगाने सप्टेंबर २०१२ मध्ये दिलेल्या अहवालात तुरुंगांतील अवाजवी बळाचा वापर ही दीर्घकाळची पद्धत असल्याचे नोंदवून, नेतृत्वाच्या अपयशावर बोट ठेवले. बाका यांनी जानेवारी २०१४ मध्ये पायउतार होण्याची घोषणा केली. त्यांचे दुय्यम अधिकारी पॉल टनाका त्याच वर्षी शेरीफपदाच्या अंतिम लढतीत उतरले आणि हरले. तपासात अडथळा आणल्याबद्दल टनाका २०१६ मध्ये दोषी ठरले. त्यांना पाच वर्षांची शिक्षा झाली. मार्च २०१७ मध्ये बाका हेही दोषी ठरले आणि त्यांना तीन वर्षांची शिक्षा मिळाली. चार वेळा निवडून आलेल्या शेरीफचा हिशेब अखेर केंद्रीय न्यायालयात झाला, मतपेटीत नव्हे.

बाहेरचा, आतला, पुन्हा बाहेरचा

२०१४ मध्ये मतदारांनी खात्याबाहेरील जिम मॅकडॉनेल यांना निवडले. लॉस एंजेलिस शहर पोलिसांत दीर्घ सेवा करून ते लाँग बीच शहराचे पोलीसप्रमुख झाले होते. त्यांनी शिस्तीची कारवाई कडक केली. खात्यात नाराजी वाढली. २०१८ मध्ये अलेक्स व्हिलानुएवा या निवृत्त लेफ्टनंटने त्यांना आव्हान दिले. स्थलांतरितांना पकडणाऱ्या केंद्रीय यंत्रणेचे अधिकारी तुरुंगातून हटवीन आणि खात्यात सुधारणा करीन, ही त्यांची आश्वासने होती. डेमोक्रॅटिक पक्ष आणि डेप्युटींची संघटना, दोघांनीही त्यांना साथ दिली. सुमारे ५३ टक्के मते मिळवून त्यांनी विद्यमान शेरीफचा पराभव केला. असे त्या कौंटीत शंभराहून अधिक वर्षांत घडले नव्हते.

पदावर येताच त्यांनी तुरुंगातील केंद्रीय अधिकारी हटविण्याचे आश्वासन पाळले. मात्र कौटुंबिक हिंसाचाराच्या आरोपावरून बडतर्फ झालेल्या एका डेप्युटीला त्यांनी परत घेतले. पर्यवेक्षक मंडळ न्यायालयात गेले आणि २०१९ मध्ये अंतरिम आदेश मंडळाच्या बाजूने लागला. मंडळाने २०१६ मध्ये नागरिकांचा देखरेख आयोग स्थापन केला होता. मार्च २०२० मध्ये मतदारांनी त्यास साक्षीसाठी समन्स काढण्याचा अधिकार दिला. शेरीफनी या समन्सनाही विरोध केला. खात्यात अंगावर विशिष्ट गोंदण करून टोळ्यांप्रमाणे वागणारे डेप्युटींचे गट आहेत, हा आरोप जुना होता. आयोगाच्या विशेष वकिलांनी मार्च २०२३ मधील अहवालात असे गट अस्तित्वात असल्याचे स्पष्ट म्हटले. व्हिलानुएवा मात्र आपल्या कारकीर्दीत ते सातत्याने नाकारत राहिले.

२०२२ मध्ये पुन्हा एक अनुभवी बाहेरचा माणूस उभा राहिला. रॉबर्ट लुना यांनी लाँग बीच पोलिसांत ३६ वर्षे सेवा केली होती आणि २०१४ पासून ते तेथील प्रमुख होते. जूनच्या फेरीत ते दुसरे आले. नोव्हेंबरमध्ये सुमारे ६१ टक्के मते मिळवून विजयी झाले.

मतदारांनी स्वतःच घातलेली वेसण

त्याच नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर आणखी एक प्रश्न होता. गंभीर कारण असल्यास निवडून आलेल्या शेरीफला पाचपैकी चार सदस्यांच्या मताने दूर करण्याचा अधिकार पर्यवेक्षक मंडळाला द्यावा काय? सुमारे ७२ टक्के मतदारांनी होकार दिला. शेरीफ निवडण्याचा हक्क त्यांनी सोडला नाही, परंतु चार वर्षे वाट पाहण्याची सक्ती मोडली.

इतरत्रही हाच प्रवाह दिसतो. सांता क्लारा कौंटीच्या लॉरी स्मिथ १९९८ मध्ये कॅलिफोर्नियातील पहिल्या महिला शेरीफ म्हणून निवडून आल्या होत्या. बंदूक परवान्यांतील गैरप्रकारांसह अन्य आरोपांवर नोव्हेंबर २०२२ मध्ये ज्यूरीने त्यांना दोषी ठरविले. त्याआधीच त्यांनी राजीनामा दिला होता. सॅन मटेओ कौंटीत क्रिस्टिना कॉर्पस या खात्यातील अधिकारी २०२२ मध्ये विद्यमान शेरीफला हरवून निवडून आल्या. मार्च २०२५ मध्ये मतदारांनी तेथील मंडळालाही शेरीफ हटविण्याचा अधिकार दिला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये मंडळाने तो वापरून त्यांना पदच्युत केले.

या वेसणीला आक्षेपही आहे. लोकांनी निवडलेल्या शेरीफला पाच राजकारणी दूर करू शकले, तर त्यांचीच चौकशी करण्याचे धैर्य तो कसे दाखविणार, असा प्रश्न शेरीफांच्या बाजूने विचारला जातो. तो अगदीच निराधार नाही. नेमणुकीच्या पद्धतीत पोलीसप्रमुख सत्ताधाऱ्यांच्या मर्जीवर अवलंबून राहतो, ही भीती भारतीय वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही.

मॅकडॉनेल यांचे पुढे जे झाले, ते या दोन पद्धतींचा फरक दाखविते. २०१८ मध्ये ज्यांना मतदारांनी घरी पाठविले, त्यांचीच नोव्हेंबर २०२४ मध्ये लॉस एंजेलिस शहराच्या पोलीसप्रमुखपदी नेमणूक झाली. मत देणाऱ्यांना आणि नेमणूक करणाऱ्यांना एकच माणूस वेगवेगळा दिसला.

कौंटीच्या तुरुंगांचा प्रश्न मात्र शेरीफ बदलूनही सुटलेला नाही. तेथील परिस्थिती आणि कैद्यांचे मृत्यू यांवरून कॅलिफोर्नियाच्या महाधिवक्त्यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये कौंटी आणि शेरीफ यांच्याविरुद्ध खटला दाखल केला. कोठडीत असलेल्या माणसाची सुरक्षितता ही शेरीफच्या कामाची खरी कसोटी. तीस-चाळीस वर्षांचा अनुभव आणि मतांचे बहुमत, या दोन्ही गोष्टी उमेदवाराला पदापर्यंत नेतात. त्यानंतरची देखरेख रोजच्या रोज आणि दुसऱ्या कोणालातरी करावी लागते, हा धडा लॉस एंजेलिसने मोठी किंमत मोजून घेतला आहे.