नागपूर-मुंबई : अंतर ६८३ किलोमीटर, उड्डाण दीड तास, प्रवास साडेपाच तास

नागपूर, प्रतिनिधी : नागपूरचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर विमानतळ आणि मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ यांमधील सरळ हवाई अंतर सुमारे ६८३ किलोमीटर आहे. हेच अंतर रेल्वेने ८३७ किलोमीटर भरते. जून २०२५ मध्ये पूर्ण झालेल्या समृद्धी महामार्गाची भिवंडीजवळील आमणेपर्यंतची लांबी ७०१ किलोमीटर आहे. मुंबईहून पुढचे विमान पकडणाऱ्या विदर्भातील प्रवाशाने मात्र केवळ किलोमीटरवर विसंबणे धोक्याचे ठरते.

ताशी ८०० किलोमीटर वेगाने हे अंतर ५१ मिनिटांत कापले जाईल. तरीही वेळापत्रकात साधारण दीड तास दाखविला जातो. विमान जागेवरून हलल्यापासून मुक्कामी जागेवर थांबेपर्यंतचा काळ त्यात धरलेला असतो. धावपट्टीपर्यंतची वाटचाल, वर चढताना व उतरताना कमी असणारा वेग आणि उतरण्यासाठीची प्रतीक्षा यांत उरलेली मिनिटे जातात. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन्हींवरून एकाच वेळी वाहतूक करता येत नाही आणि गर्दीच्या वेळी विमानांना आकाशात घिरट्या घालाव्या लागतात.

वाऱ्याचाही वाटा मोठा आहे. हिवाळ्यात उंचावरील वारे पश्चिमेकडून वाहतात. मुंबईकडे येणाऱ्या विमानाला ते समोरून, तर नागपूरकडे जाणाऱ्याला पाठीमागून मिळतात. वाऱ्याचा वेग ताशी ८० किलोमीटर धरला, तर जाण्या-येण्यात सुमारे दहा मिनिटांचा फरक पडतो. पावसाळ्यात उंचावरील वाऱ्याची दिशा उलटते, पण मुंबईतील पाऊस व कमी दृश्यमानता यांमुळे विलंब वाढतो.

घरापासून घरापर्यंतचा हिशेब असा मांडता येईल : विमानतळापर्यंत अर्धा तास, तेथे दोन तास आधी हजेरी, उड्डाण दीड तास, सामान मिळण्यास अर्धा तास आणि मुंबईतील रस्त्यावर किमान एक तास. एकूण साडेपाच तास. रेल्वेला गाडीनुसार ११ ते १५ तास लागतात. विमानाने वेळ वाचतो, पण तिकिटावरील आकड्यांवरून वाटतो तितका नव्हे.

पुढचे विमान असल्यास तिकिटावरील विमानतळ व टर्मिनल आधी पाहावे. मुंबईत टर्मिनल एक सांताक्रूझ बाजूस आणि टर्मिनल दोन सहार येथे आहे. नवी मुंबई विमानतळाचे ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झाल्याने आता विमानतळाचे नावही तपासणे आवश्यक आहे. दोन विमानतळांमधील रस्त्याच्या प्रवासात तासाहून अधिक वेळ जाऊ शकतो. दोन तिकिटे स्वतंत्रपणे काढली असतील, तर पहिल्या विमानाच्या विलंबाची जबाबदारी दुसरी कंपनी सहसा घेत नाही. परदेशी शिक्षणासाठी निघालेल्या विद्यार्थ्याने किंवा उपचारांसाठी जाणाऱ्या रुग्णाने त्या दिवशी सकाळच्या, शक्य असल्यास आदल्या दिवशीच्या विमानाने मुंबई गाठणे हिताचे.

मध्यवर्ती स्थानामुळे नागपूरला हवाई नकाशावर जुने महत्त्व आहे. १९४९ मध्ये सुरू झालेल्या रात्रीच्या टपाल सेवेत मुंबई, दिल्ली, कोलकाता व चेन्नई येथील विमाने मध्यरात्री येथे एकत्र येत आणि टपालाची अदलाबदल करून परतत. त्या योजनेतही महत्त्व होते ते चारही विमाने वेळेवर पोहोचण्याला. प्रवाशानेही हेच ध्यानी ठेवावे.