अंगणांतील उष्ण स्नान

चैनीच्या म्हणून गणल्या जाणाऱ्या कित्येक वस्तूंचें मूळ शोधूं गेल्यास तें एखाद्या गरिबाच्या अंगणांत सांपडतें. उघड्यावर मांडलेलें कढत पाण्याचें पिंप, ज्यास आतां मराठींतही 'हॉट टब' म्हणूं लागले आहेत, तें अशांपैकींच एक होय. आज तें श्रीमंतांच्या बंगल्यांतून दृष्टीस पडतें. परंतु एक भांडें, एक चूल, आणि माणसाची कातडी भाजूं नये एवढी युक्ति, यांपलीकडे त्याच्या घडणींत मूलतः कांहीं नाहीं.

या युक्तीचा जुना नमुना जपानांत पाहावयास मिळतो. तेथील 'गोएमोन-बुरो' म्हणजे चुलाणावर बसविलेली ओतीव लोखंडी काहील. खालीं सर्पण पेटवावयाचें आणि वर त्याच काहिलींत माणसानें उतरावयाचें! बूड पोळूं नये म्हणून पाण्यावर एक लाकडी पाट तरंगत ठेवितात. त्यावर पाय देऊन तो आपल्या भारानें खालीं दडपला, म्हणजे अंगास तळ लागत नाहीं. इशिकावा गोएमोन नांवाच्या दरोडेखोरास १५९४ सालीं क्योतो येथें काहिलींत घालून मारण्यांत आलें, त्यावरून हें भीषण नांव पडलें. जिप्पेन्शा इक्कूच्या, १८०२ पासून प्रसिद्ध होऊं लागलेल्या विनोदी प्रवासकथेंत दोन एदोवासी गृहस्थ ओदावारा येथें मुक्कामास उतरतात. पाटाला झांकण समजून ते तो बाजूस काढितात, पाय पोळल्यावर खडावा घालून आंत शिरतात, आणि अखेरीस काहिलीचें बूडच फोडून बसतात. आमच्याकडील बंबानें हाच प्रश्न निराळ्या रीतीनें सोडविला आहे: विस्तव मधल्या नळींत, पाणी सभोंवार, आणि माणूस दूर.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत काहिलीची जागा इंधनाच्या रिकाम्या पिंपानें घेतली. आघाडीवरील जपानी सैनिकांनीं, व पुढें जळालेल्या शहरांतील लोकांनीं, २०० लिटरचें पिंप दगडांवर चढवून त्यांत स्नानें केलीं. खर्चाच्या दृष्टीनें याहून सोयीचें साधन आढळणें कठीण. १५० लिटर पाणी २५ अंशांनीं अधिक तापविण्यास, निम्मी उष्णता वाया गेली असें धरलें तरी, दोन-अडीच किलो सुकें लाकूड पुरतें.

अमेरिकेंत हीच हौस मोठ्या भांड्यांत उतरली. १९६० नंतरच्या दशकांत कॅलिफोर्नियांतील सांता बार्बराच्या परिसरांत कांहीं स्वच्छंद वृत्तीच्या लोकांनीं द्राक्षमद्याचीं जुनीं लाकडी पिंपें अंगणांत आणून मांडलीं. अशा पिंपाचें लाकूड भिजून फुगलें, म्हणजे सांधे आपोआप मिटतात. पाणी तापविण्यास बाहेर शेगडी आणि तींत तांब्याच्या नळीचें वेटोळें एवढें असलें तरी भागतें. तापलेलें पाणी हलकें होऊन वरच्या नळीनें पिंपांत शिरतें आणि थंड पाणी खालच्या नळीनें शेगडीकडे येतें. मात्र दीड मीटर व्यासाच्या व एक मीटर खोलीच्या पिंपांत सुमारें १,७५० लिटर पाणी मावतें. त्याचा पावणेदोन टन भार पेलण्यास पक्की जमीन हवी, आणि सर्पणही दहा-बारा पट हवें. साहजिकच हें पाणी रोज ओतून देणें जिवावर येऊं लागलें. याच सुमारास, १९६८ सालीं, रॉय जाकुझी यानें पाण्याचे झोत सोडणारी यंत्रणा अंगींच असलेला टब बाजारांत आणला, आणि गरिबाच्या पिंपास फेस व प्रतिष्ठा दोन्ही लाभलीं.

येथेंच आमच्या मतें या इतिहासांतील खरा धडा आहे. जपानी गृहस्थ आधीं बाहेर बसून अंग स्वच्छ धुतो आणि मग कढत पाण्यांत शिरतो. घरांतील सर्वांचें स्नान आटोपलें म्हणजे तें पाणी टाकून देण्याची रीत. भांडें लहान, म्हणून पाणी ताजें. पाणी साठवून कोमट ठेवूं लागतांच ही शिस्त सुटते आणि तेथें जंतु माजतात. फिलाडेल्फियांतील १९७६ च्या साथीनंतर ओळखले गेलेले लेजिओनेला जंतु अशा पाण्यांत वाढतात व तुषारांवाटे फुप्फुसांत शिरतात. १९९९ सालीं नेदरलँड्समधील बोव्हेनकार्स्पेल येथें एका पुष्पप्रदर्शनांत फेसाळ टब नुसते चालू करून मांडले होते. त्यांत कोणासही स्नान करावयाचें नव्हतें. पण जवळून गेलेल्या प्रेक्षकांस रोग जडला व तिसाहून अधिक माणसें दगावलीं.

ज्यास आपल्या अंगणांत असें पिंप मांडावयाचें असेल त्यानें तें खुशाल जुनें, टाकाऊ घ्यावें. मात्र त्यांत पूर्वीं विषारी द्रव्य भरलेलें नव्हतें एवढी खात्री करावी. पाणी ४० अंशांपलीकडे तापवूं नये. तें रोज बदलावें. बदलणें शक्य नसेल तर क्लोरीनसारखें जंतुनाशक नेमानें घालावें. शिळें पाणी न्हाण्यास घेऊं नये, हा आमच्या घरांतील वडीलधाऱ्यांचा दंडक या नव्या चैनीसही तितकाच लागू आहे.