कागद कोणाचा, जमीन कोणाची?

कोकणी माणूस बांधासाठी भांडतो, आंब्याच्या एका फांदीपायी हायकोर्ट गाठतो, अशी आपली थट्टा आपणच पिढ्यान् पिढ्या करीत आलो आहोत. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ हा उपदेशही आपण तितक्याच गंभीरपणे करतो. पण रत्नागिरी जिल्ह्याचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास पाहू लागलो, म्हणजे निराळीच गोष्ट ध्यानात येते. ज्याला चांगला वकील परवडत होता, त्याचा कागद कोर्टात जाण्यापूर्वीच पक्का झालेला असे. ज्याला तो परवडत नव्हता, तो कोर्टात गेला तरी तेथे रिकाम्या हाताने उभा राही.

वकील म्हटला की काळा डगला आणि उलटतपासणी डोळ्यांपुढे येते. वस्तुतः त्याचे मोठे काम कोर्टाबाहेरच चालते. खरेदीखत, गहाणखत, कलमांच्या बागेचा मक्ता, भागीदारीचा करार हे धंद्याचे कागद. वाटणीपत्र, दत्तकपत्र, मृत्युपत्र, मुंबईतल्या भावाने गावच्या भावाला दिलेले मुखत्यारपत्र हे घरचे कागद. हे कागद कोणासाठी लिहिले गेले आणि कोणासाठी लिहिलेच गेले नाहीत, यातच या जिल्ह्याच्या जमिनीची कहाणी आहे.

ती कहाणी म्हणजे खोतीची. खोत सरकारला कबुलायत लिहून देई, गावचा सारा भरी आणि कुळांकडून धान्याचा वाटा वसूल करी. अर्धेली कुळाने भाताचे निम्मे पीक खोताच्या अंगणात आणून टाकावे, तिर्धेलीने तिसरा हिस्सा द्यावा, शिवाय वेठ वेगळीच. खोताजवळ सनदा होत्या, कबुलायती होत्या, हिशेबाच्या वह्या होत्या. कुळाजवळ होती ती वहिवाट. आणि वहिवाटीला साक्ष शेजाऱ्याची, तोही त्याच खोताचा कूळ! १८८० च्या खोती कायद्याने जुन्या वहिवाटीच्या कुळांचे हक्क मान्य केले, हे खरे. परंतु हक्क मान्य होणे निराळे आणि तो शाबीत करणे निराळे. निरक्षर माणसाने आजोबांच्या काळची वहिवाट शाबीत करायची ती कशाच्या बळावर?

याच काळात या जिल्ह्याने एक थोर कायदेपंडित दिला. रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक हे १८३३ साली मुरुडला जन्मले. ‘नेटिव्ह ओपिनियन’ पत्राचे ते संस्थापक, मुंबई कायदे कौन्सिलचे सभासद आणि पुढे हायकोर्टातील सरकारी वकील. व्यवहारमयूखाचे त्यांचे इंग्रजी भाषांतर १८८० मध्येच प्रसिद्ध झाले. वारसा, दत्तक, स्त्रीधन हे घरोघरचे प्रश्न त्यांनी शास्त्र आणि रूढी दोहोंच्या कसोटीवर घासून पाहिले. मात्र रावसाहेब स्वतः खोत होते, आणि त्यांची विद्वत्ता खोतांच्या बाजूने उभी राहिली. त्यात लबाडी होती असे म्हणण्याचे कारण नाही. आपला हक्क न्याय्य आहे असा त्यांचा प्रामाणिक विश्वास होता. मात्र त्या तोडीचा वकील कुळांना त्या वेळी मिळाला नाही, एवढे नमूद केलेच पाहिजे.

घरच्या कागदांची स्थितीही काही बरी नव्हती. १८७० चा हिंदू मृत्युपत्रांचा कायदा मुंबई शहराला लागू होता, रत्नागिरीला नव्हता. त्यामुळे गिरगावातील चाकरमान्याने केलेल्या मृत्युपत्राला सही आणि दोन साक्षीदार लागत. त्याच्या गावच्या भावाने मात्र मरतेवेळी नुसते तोंडी सांगितले तरी ते मृत्युपत्र ठरू शके. १ जानेवारी १९२७ नंतर केलेल्या मृत्युपत्रांपुरता हा भेद मिटला. तोवर अंथरुणाशी कोण बसले होते आणि मरणाऱ्याने काय सांगितले, यावर वाद घालण्यास मोठाच वाव होता.

कुळांचा वकील अखेर आला, तोही याच मातीतला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करणारे बिल मांडले. खोताला भरपाई द्यावी आणि कसणाऱ्याला जमिनीचा कायम हक्क मिळावा, असा त्याचा आशय होता. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत मोर्चाने विधिमंडळावर गेले. बिल मंजूर झाले नाही. पण खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने, आणि पाठोपाठ कूळकायद्याने कसणाऱ्याचे नाव उताऱ्यावर चढू लागले.

तेव्हा ही जुनी गोष्ट संपली असे म्हणावे काय? मला तसे वाटत नाही. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबात मुलगी मुलाच्या बरोबरीची सहदायाद झाली. पण कोकणातल्या कित्येक घरी दिवाळीला किंवा गणपतीला बहीण माहेरी येते, ओवाळते, आणि जाताना हक्कसोडपत्रावर सही करते. कागद भावाच्या वकिलाने लिहिलेला असतो. तिच्या बाजूने तो वाचणारे कोणी नसते. कायद्याने तिला हक्क दिला आहे आणि तो सांभाळणारा वकील नाही, ही स्थिती आपण १८८० च्या कुळाच्या बाबतीत पाहिलीच आहे.

फरक एवढाच, की त्या कुळाला दार नव्हते, हिला आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यान्वये कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात त्याचे कार्यालय असते. सही द्यायची की नाही हा बहिणीचा प्रश्न. प्रेमाने हक्क सोडणाऱ्या बहिणी आहेत आणि त्यांचा मोठेपणा कोणी नाकारणार नाही. पण सहीपूर्वी तो कागद तिच्या माणसाने तिला वाचून दाखवावा, एवढे भावानेच म्हणायला काय हरकत आहे?