किंवा तत्सम

शाळेत शिकलो होतो की तत्सम म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा मराठीत आलेला शब्द. टूरवाल्यांच्या पत्रकात तत्सम म्हणजे जसंच्या तसं न आलेलं हॉटेल. "मुक्काम : हॉटेल अमुक किंवा तत्सम." बुकिंग करताना ही ओळ मी वाचली होती. रोज ऑफिसात दुसऱ्यांच्या कागदांतले असले 'किंवा' शोधून त्यावर खुणा करणारा माणूस मी, पण आई-बाबांची ट्रिप म्हटल्यावर डोळे मिटून कार्ड नंबर टाकला.

तर मंडळी, झालं असं. पुण्याहून तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर, पंढरपूर. तीन दिवस, दोन रात्री, चहा-नाश्ता-जेवण-मुक्काम सगळं आत. पहिला मुक्काम अक्कलकोटला. रात्री साडेदहाला बस थांबली. काउंटरवरच्या माणसाने मान वर न करता विचारलं, "पॅकेजवाले ना? तिसरा मजला." लिफ्ट नाही. बाबांचे गुडघे दोन वर्षांपासून संपावर आहेत. तिघांच्या खोलीत दोन पलंग आणि भिंतीला टेकवलेली एक गादी, तिला कुठल्या तरी आधीच्या यात्रेचा वास. खिडकीखाली जनरेटर. गरम पाणी सकाळी सहा ते आठ असं लिहिलेलं, आलं ते सव्वासहाला, आणि आईचं तोंड धुऊन होईपर्यंत गेलं. यातला सगळ्यात भारी भाग म्हणजे पत्रकातलं हॉटेल खोटं नव्हतं. ते खरंच होतं. आमच्या खिडकीतून समोर दिसत होतं. :)

गाणगापूर करून पंढरपूरकडे निघालो तेव्हा बस अक्कलकोट-सोलापूर रस्त्याने परत आली. मी डोक्यात तक्रारीची मेल लिहीत होतो. साधारण अर्ध्या वाटेवर वळसंगची पाटी आली आणि बाबा म्हणाले, "इथे बाबासाहेबांची विहीर आहे. बघायची का?" मी पुढे जाऊन ड्रायव्हरकाकांना विचारलं. ते बिचारे सज्जन होते. म्हणाले, "साहेब, मला काय, मी थांबवली असती. पण पॅकेजात नाही, पंढरपूरला नंबर जाईल." बस पुढे गेली. मागे बसलेल्या एका आजींनी "कसली विहीर?" असं विचारलं आणि बाबांनी त्यांना पंधरा मिनिटं सांगितलं. ते ऐकता ऐकता माझी मेल डोक्यातच अर्धवट राहिली.

घरी आल्यावर दोन शनिवार मी याच विषयावर वाचत बसलो. मुक्काम समाविष्ट, हे दोन शब्द आले कुठून?

सोपं उत्तर इंग्लंडातलं आहे. टॉमस कुक नावाच्या दारूबंदीच्या प्रचारकाने ५ जुलै १८४१ रोजी लेस्टरहून लफबरोला सुमारे पाचशे लोक रेल्वेने नेले, माणशी एक शिलिंग. ती एका दिवसाची सहल होती, रात्रीचा प्रश्नच नव्हता. खरी गंमत पुढे १८६८ ची. त्या वर्षी कुकने हॉटेल कूपन काढली. लंडनमध्ये पैसे भरायचे, कूपन घ्यायचं, आणि भाषा येत नसलेल्या परदेशातल्या हॉटेलात ते दाखवलं की खोली आणि जेवण. आमच्या भाषेत सांगायचं तर हे इंटरफेस होतं. तुम्ही कोण, कुठले, कोणाच्या ओळखीचे, हे हॉटेलवाल्याने विचारायचं कारण नाही; कूपन खरं आहे एवढंच त्याने बघायचं. १८७२ मध्ये कुक पहिली जगप्रदक्षिणेची टूर घेऊन निघाला, ती आगबोट आणि रेल्वे करत भारतातूनही गेली. १८८६ पासून काही वर्षं तर सरकारने हज यात्रेकरूंच्या प्रवासाची व्यवस्था याच कंपनीकडे दिली होती. असो, कुकपुराण मोठं आहे. ती ब्रिटिश कंपनी २०१९ साली बुडाली आणि दीडेक लाख ब्रिटिश प्रवासी परदेशात अडकले, तेव्हा कूपनमागचा विश्वास किती नाजूक असतो हेही दिसलं.

पण आपल्याकडे प्रवासी तर कुकच्या कितीतरी आधीपासून होते. काशी, रामेश्वर, पंढरपूर. ते राहायचे कुठे? धर्मशाळेत, मठात, क्षेत्रोपाध्यायांच्या वाड्यात, नातेवाइकांच्या ओळखीने. धर्मशाळा फुकट, ही तिची थोरवी आपण शाळेत निबंधात लिहिली आहे. निबंधात लिहिली नाही ती गोष्ट ही, की दारात पहिला प्रश्न पैशाचा नसायचा, जातीचा असायचा. पैसे देऊनसुद्धा त्या प्रश्नाचं उत्तर बदलायचं नाही. सीताराम केशव बोले यांनी ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात ठराव मंजूर करून घेतला, तो महाडच्या तळ्यामुळे आपल्याला माहीत असतो. त्यात पाणवठे आणि विहिरींच्या जोडीला सरकारी पैशावर चालणाऱ्या धर्मशाळाही होत्या. पाणी आणि मुक्काम हे दोन्ही प्रश्न एकाच ठरावात.

आता बडोद्याचा प्रसंग. बाबासाहेबांनी तो 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्या आत्मकथनात सांगितला आहे, आणि मी तो हॉटेलच्या तक्रारीच्या मूडमध्ये वाचला, म्हणून वेगळाच लागला. १९१७ साल. कोलंबिया विद्यापीठ आणि लंडन करून आलेला तरुण बडोदा संस्थानाच्या नोकरीत रुजू व्हायला आला. स्टेशनवर उतरल्यावर प्रश्न, राहायचं कुठे? हिंदू खाणावळींत जात लपवून राहणं त्यांना नको होतं. एक पारशी पथिकाश्रम होता. पारशी धर्मात शिवाशिव नाही, म्हणून ते तिथे गेले. सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या पारशाच्या लक्षात आलं की हा गृहस्थ पारशी नाही. पण गिऱ्हाईक कुणीच नव्हतं आणि त्याला चार पैसे हवे होते. तोड निघाली. रजिस्टरात पारशी नाव लिहायचं. दर दिवसाला दीड रुपया, जेवणासकट.

खोली कशी होती तेही त्यांनी लिहिलंय. वरच्या मजल्यावर एक लहान खोली आणि न्हाणीघर. बाकी सगळा मोठा हॉल फळ्या, बाकं, मोडक्या खुर्च्या अशा अडगळीने भरलेला. विजेचे दिवे नाहीत, एक कंदील, त्याचा उजेड हातभरसुद्धा पोचत नसे. आसपास बोलायला माणूस नाही. सामान घेऊन मुंबईहून आलेला बहिणीचा मुलगा ती अवस्था बघून इतका रडायला लागला की त्याला लगेच परत पाठवावं लागलं. आजच्या कुठल्याही साइटवर या खोलीला एक स्टार मिळाला असता. पण बाबासाहेब अकाउंटंट जनरलच्या ऑफिसातून रोज संध्याकाळी तिथेच परत येत होते, कारण खोली वाईट असली तरी ती होती. ते संस्थानाच्या बंगल्यासाठी अर्ज करून वाट बघत होते.

अकराव्या दिवशी ऑफिसला निघताना जिन्यावर पावलं वाजली. डझनभर धिप्पाड पारशी, प्रत्येकाच्या हातात काठी. संध्याकाळपर्यंत खोली रिकामी कर. त्यांनी आठवड्याची मुदत मागितली, मिळाली नाही. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे विचारून पाहिलं, दोघांनीही आपापल्या पद्धतीने टाळलं. मुंबईची गाडी रात्री नऊला. मधले तास त्यांनी कामाठी बागेत काढले.

मी ज्याला 'सर्व्हिसमधली कमतरता' म्हणतो, ती मुळात सुरू होते सर्व्हिस मिळाल्यावर. आधी दार उघडायला लागतं. माझ्या तिसऱ्या मजल्याच्या तक्रारीला तळमजला आहे, तो दुसऱ्या कुणीतरी बांधला, आणि मी आजवर त्याकडे बघितलंच नव्हतं. काउंटरवरच्या माणसाने मान वर न करता किल्ली दिली म्हणून मी चिडलो होतो. मान वर करून त्याने काहीच विचारलं नाही, याचा मी विचार केला नव्हता.

सतरा वर्षांनी, १९३४ साली, बाबासाहेब सहकाऱ्यांबरोबर चक्क सहलीला गेले. आपल्यासारखीच बसची ग्रुप टूर : नाशिकहून निघायचं, दौलताबादचा किल्ला, औरंगाबाद, वेरूळची लेणी. त्रास टाळायला ओळख न देता प्रवास. दौलताबादला वाट बघणाऱ्या मंडळींनी आधी चहा घ्या म्हटलं, पण अंधार पडायच्या आत किल्ला बघायचा म्हणून बस पुढे नेली (हे वाचताना हसू आलं, प्रत्येक ट्रिपमध्ये हा वाद होतोच). किल्ल्याच्या दारात हौद होता. धुळीने माखलेल्या काहींनी त्यातल्या पाण्याने हातपाय-तोंड धुतलं. मागून एक म्हातारा ओरडत आला, अस्पृश्यांनी हौद बाटवला. रमझानचा महिना. जमाव जमला, शिवीगाळ झाली. शेवटी किल्ला बघायची परवानगी मिळाली ती अशी की आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही आणि त्यावर लक्ष ठेवायला हत्यारबंद शिपाई बरोबर.

याच्या मधल्या काळात आमच्या सोलापूर जिल्ह्याचा संबंध येतो (आमच्या म्हणजे, आईचं माहेर). बहिष्कृत हितकारिणी सभा १९२४ साली स्थापन झाली आणि तिने विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढलं ते सोलापूरला, जानेवारी १९२५ मध्ये. शिकायला गावाबाहेर पडलेल्या पोराला राहायला जागा हवी, हे ज्याला बडोद्यात कळलं होतं त्याच्या संस्थेचं पहिल्या कामांपैकी एक काम राहायच्या जागेचं. आणि १९३७ साली, मुंबई विधानसभेवर निवडून आल्यानंतर, बाबासाहेब वळसंगला आले आणि वस्तीतल्या विहिरीचं उद्घाटन त्यांनी केलं. महाडच्या सत्याग्रहाला तेव्हा दहा वर्षं झाली होती. सार्वजनिक पाणवठ्याचा हक्क कागदावर होता, गावागावांत पाणी मात्र दुरूनच मिळत होतं. वळसंगच्या लोकांनी ती विहीर आजवर जपली आहे. बाबांनी बसमधल्या आजींना सांगितलं ते हे.

हे फक्त आपलंच दुखणं होतं असंही नाही. न्यूयॉर्कच्या हार्लेममधला पोस्टमन व्हिक्टर ग्रीन १९३६ पासून एक पुस्तिका काढत होता, कृष्णवर्णीय मोटारप्रवाशांना कुठल्या गावात कुठे झोपायला आणि जेवायला मिळेल त्याची यादी. साठीच्या दशकापर्यंत ती निघत होती. पर्यटन म्हणून कुणी असलं पुस्तक काढत नाही.

मग राज्यघटना. कलम १५ चा दुसरा भाग एकदा वाचाच. एका उपकलमात दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, करमणुकीची ठिकाणं. लगेच खालच्या उपकलमात विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते. जातीच्या किंवा धर्माच्या कारणावरून कुणालाही यातल्या कशापासून अडवायचं नाही. बडोद्याची खोली आणि दौलताबादचा हौद एकाखाली एक. १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्यात धर्मशाळा आणि मुसाफिरखानेही नावासकट आले. कायद्याने सगळं मिटलं असं म्हणायला मी भोळा नाही. पुण्यात भाड्याने फ्लॅट शोधताना एजंटने आडनाव आधी का विचारलं, हे शोधलेल्यांना विचारा.

आता तिसऱ्या मजल्याची गोष्ट, कारण ती पण मजेदार आहे. जार्व्हिस नावाचे एक ब्रिटिश वकील १९६९ च्या नाताळात पंधरा दिवस स्वित्झर्लंडला गेले. ६३ पौंड ४५ पेन्सचं पॅकेज, सगळं आत. पत्रकात म्हटलं होतं की हॉटेलात घरगुती पार्टीचं वातावरण असेल, स्विस केक मिळतील, योडलरची संध्याकाळ होईल. पहिल्या आठवड्यात तेरा पाहुणे. दुसऱ्या आठवड्यात पार्टीत एकटे जार्व्हिस! मालकाला इंग्रजी येत नव्हतं. केक म्हणजे बटाट्याचे वेफर्स आणि सुक्या वड्या. योडलर म्हणजे गावातला एक माणूस कामाच्या कपड्यांतच आला, चार-पाच गाणी भराभर म्हणून निघून गेला. खालच्या कोर्टाने निम्मे पैसे, ३१ पौंड ७२ पेन्स, परत द्यायला सांगितले. अपिलात १९७२ साली लॉर्ड डेनिंग म्हणाले की नुसती किंमत परत देऊन भागत नाही. वर्षातून एकदा मिळणारी रजा गेली, हिरमोड झाला, त्याचीही भरपाई. १२५ पौंड. करार मोडल्यावर मनस्तापाचे पैसे मिळत नाहीत हा जुना नियम इथे वाकला. हिरमोड ही कोर्टात मोजायची गोष्ट झाली. आयटीत ज्यांच्या रजा 'प्रोजेक्टच्या गरजेनुसार' रद्द होतात त्यांनी हा निकाल फ्रेम करून लावावा.

आपल्याकडे १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सामान्य माणसाला अशी दाद मागायची जागा दिली, आणि लखनौ विकास प्राधिकरणाच्या १९९३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने छळाची, मनस्तापाची भरपाई देता येते हे स्पष्ट केलं. २०१९ च्या नव्या कायद्यात तर राहत्या ठिकाणी तक्रार नोंदवता येते.

हे सगळं वाचून झाल्यावर मी मेल लिहिली. रागाने नाही, बग रिपोर्टसारखी : काय कबूल केलं, काय मिळालं, फोटो एक ते सहा, त्यात खिडकीतून दिसणाऱ्या पत्रकातल्या हॉटेलचा फोटो पहिला. चार दिवसांनी उत्तर आलं. 'किंवा तत्सम' कडे माझं लक्ष वेधून, सदिच्छा म्हणून पुढच्या ट्रिपवर दहा टक्के सूट. मी ग्राहक आयोगाचा फॉर्म उघडून बसलोय.

बाबांना सूट सांगितली. त्यांनी चष्मा पुसत विचारलं, "परत तोच रूट घेतला तर वळसंगला थांबतील का, ते लेखी घे."